काळ्या वखारीतला उलटा मोर्चा

"बेबी, ते दार उघडू नकोस!"

रामदास ओरडला, पण उशीर झाला होता. बेबीनं कडी काढून दार ढकललं आणि एक पाय पुढे टाकला. दारामागे खोली नव्हती. जमीनही नव्हती. आठ फूट खाली लाकडाचा भुसा पसरलेला होता. रामदासनं तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून तिला कशीबशी मागे ओढली.

"ही कसली चाळ?" बेबी धापा टाकत म्हणाली. "दारं आहेत, खिडक्या आहेत, दोरीवर धोतरसुद्धा वाळत घातलंय. आणि आत घरच नाही!"

"सिनेमातली चाळ अशीच असते," तिचा भाऊ कमलाकांत म्हणाला. "पुढून चाळ, मागून फळ्या."

"मला नाही आवडली. सगळी माणसं एकदम मरून गेल्यासारखी वाटते."

कमलाकांत हसला, पण त्यानंही ते दार हळूच लावून घेतलं. त्या खोट्या चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की खरंच पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं.

ही भावंडं गिरगावची. कमलाकांत तेरा वर्षांचा, बेबी दहाची. मे महिन्याच्या सुट्टीत दोघं परळला अप्पामामांकडे येत. अप्पामामा छायानंद स्टुडिओत पडदे रंगवत असत. आभाळ, डोंगर, समुद्र, म्हणाल ते कापडावर उभं करत. रामदास मामांच्या समोरच्या चाळीत राहायचा. त्याचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. आणि चौथी होती बकुळा, स्टुडिओच्या पहारेकऱ्याची नात. तिची आई गिरणीत पहिल्या पाळीला जायची. दर सुट्टीत या चौघांची टोळी जमायची.

यंदा तर चंगळच होती. स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, सुट्टीपुरता स्टुडिओ लोकांना बघायला खुला केला होता. खोटा राजवाडा, खोटा पाऊस पाडणारे नळ, पुठ्ठ्याचा चंद्र! बाहेरच्या मैदानात पाळणे लागले होते, मौत का कुआँ होता, पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारा फोटोवाला होता. रस्त्यापलीकडे दोन टॉकीज आणि एक तमाशाचं थिएटर. दुपारपासून नुसती जत्रा!

"पण बकुळा कुठंय?" रामदासनं विचारलं. "कालपण आली नाही."

बकुळा फाटकाजवळच्या खोलीत सापडली. ती पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होती. तिचे डोळे सुजले होते.

"गावाला चाललीस?" बेबीनं विचारलं.

"खोली सोडायचीय. उद्या," बकुळा म्हणाली. "आणि आज्याला पोलिसात देणार आहेत."

तिघंही ट्रंकेभोवती बसली. मग बकुळानं हळूहळू सांगितलं.

मंगळवारी रस्त्यावरून मोर्चा जायचा होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी दोन वर्षांपूर्वी जे गोळीबारात गेले, त्यांच्यासाठी मूक मोर्चा. घोषणा नाहीत, नुसतं चालायचं. त्या दिवशी ट्रामसुद्धा बंद होत्या आणि स्टुडिओलाही सुट्टी होती. दगडफेक होईल म्हणून मॅनेजर शामराव घाबरले. त्यांनी मोठं फाटक बंद करवलं आणि बकुळाच्या आज्याला, कोंडीरामला, सांगितलं, "तू काळ्या वखारीत आतून कडी लावून बस. तिथं भारी सामान आहे." संध्याकाळी बघतात तर ऑफिसमधल्या दोन पेट्या गायब! त्यात नव्या सिनेमाच्या शेवटच्या भागाची फिल्म होती. त्या भागात राजवाडा जळतो. तो राजवाडा खरोखर जाळून चित्रीकरण केलं होतं, त्यामुळे ते पुन्हा करता येणार नव्हतं.

"पण आज्यानं काय केलं त्यात?" कमलाकांत म्हणाला.

"त्यानं खरं सांगितलं, तेच चुकलं. त्याला विचारलं, काय पाहिलंस? तो म्हणाला, भुतं पाहिली."

"भुतं?"

"उलटी भुतं. खाली डोकं, वर पाय. वखारीच्या भिंतीवरून चालत होती. आधी एक उलटी हातगाडी गेली. तिच्यावर पेट्या होत्या आणि हिरवी छत्री बांधलेली होती. मग माणसंच माणसं. शेकडो. हातात काळे झेंडे. कोणी बोलत नव्हतं. भिंतीतून आली आणि भिंतीत गेली." बकुळाचा आवाज बारीक झाला. "शामराव म्हणाले, म्हातारा प्यायलेला होता. पेट्या यानंच कोणाला तरी दिल्या. शेठजी म्हणाले, शनिवारपर्यंत पेट्या आण, नाहीतर चालता हो."

"आमच्या घरी तर भुतांना कायमची रजा दिलीय!" रामदास म्हणाला. "बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ना, तेव्हापासून. भूत नाही, अंगात येणं नाही, नवस नाही. भूतबीत काही नसतं, बकुळे."

बकुळानं ट्रंकेचं झाकण धाडकन लावलं.

"तुला काय माहीत? आज्यानं त्यांच्यात माझ्या बाबांना पाहिलं!"

बकुळाचे वडील बाबुराव त्याच गोळीबारात गेले होते. मोर्चा ज्यांच्यासाठी होता, त्यांतलेच एक.

"तो खांदा पाडून चालायचा," दारातून आवाज आला. कोंडीराम उभा होता. खाकी डगला, पांढऱ्या मिशा. "डावा खांदा खाली. मिलमध्ये गाठी उचलून उचलून तसा झालाता. म्या त्याला हजारात वळखीन. तो व्हता त्यांच्यात, पोरांनो. ती समदी गोळीत गेलेली माणसं व्हती. मरून गेल्यावर उलटीच चालणार की!" तो उंबऱ्यावर टेकला. "शेठ मला हाकलू दे. पण म्या खोटं न्हाई बोललो."

कमलाकांतनं विचारलं, "आजोबा, ती हातगाडी कुठल्या बाजूला गेली?"

"हिंदमाता टाकीजच्या. दोन दीस म्या आन् बकुळी तिकडंच धुंडतोय. एकाबी दुकानदारानं हिरवी छत्री पाहिली न्हाई."

"आम्हाला वखारीत जायचंय," रामदास म्हणाला.

"नगा जाऊ."

"आज्या, मला जायचंय," बकुळा म्हणाली. म्हाताऱ्यानं कमरेची किल्ली काढून दिली.

*

वखार रस्त्याला लागून होती. जुने पडदे, मोडकी सिंहासनं, लाकडी घोडे असलं सामान तिच्यात ठेवत. आतून भिंतींना काळं गोणपाट लावलेलं. पूर्वी तिथे गाणी ध्वनिमुद्रित करत, तेव्हाचं ते गोणपाट. म्हणून तिचं नाव काळी वखार. दार लावल्यावर बेबीला स्वतःचा हात दिसेना.

"दादा, माझा हात धर."

"धरलाय."

"मग हा दुसरा कोणाचा?"

"लाकडी घोड्याचा पाय आहे तो! गप्प बस."

चौघं जमिनीवर बसली. जुन्या कापडाचा, सरसाचा वास येत होता. गोणपाटामुळे आवाज कसा मेल्यासारखा व्हायचा. बोललं की शब्द तोंडापाशीच पडायचे. बाहेरची जत्रा कुठेतरी फार लांब, दुसऱ्याच गावात चालली असावी असं वाटत होतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली.

"काही नाहीये," रामदास म्हणाला.

"अरे… समोर बघ," कमलाकांत पुटपुटला.

समोरच्या भिंतीवर काहीतरी उजळत होतं. आधी नुसता फिका धूर. मग धुरात रंग आले. खाली निळं, वर करडं. आणि त्या करड्या पट्ट्याला पाय लावून एक बाई चालत आली. उलटी! तिचं हिरवं लुगडं, डोक्यावरची पाटी, सगळं खाली लोंबत होतं. पण पाटीतलं काही पडत नव्हतं. पावलांचा आवाज नव्हता. ती गोणपाटात शिरली आणि नाहीशी झाली.

तिच्या मागून दोन पुरुष. मग एक मूल. तेही उलटं. ते हात हलवत होतं.

बेबीनं कमलाकांतच्या मनगटात नखं रुतवली.

"बाबा…" बकुळा उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका हळू होता की गोणपाटानं तो लगेच गिळला. "बाबा, आलात?"

ती हात पुढे करून भिंतीकडे निघाली. तिच्या फ्रॉकच्या पाठीवर, दंडांवर ती माणसं चालू लागली. एक उलटा माणूस तिच्या खांद्यावरून सरकत गेला. भूत नसतं, भूत नसतं, असं रामदास मनात घोकत होता. पण त्यानं लाकडी घोड्याची मान घट्ट धरली होती.

तेवढ्यात भिंतीवर एक लांबलचक, दुमजली वस्तू आली. खिडक्याच खिडक्या. छत खाली, चाकं वर. ती संथपणे हिंदमाताच्या बाजूला सरकत निघाली.

रामदासनं मान वाकडी करून ती पाहिली. मग एकाएकी म्हणाला, "भुतांना ट्राम कशाला लागते?"

"काय?"

"अरे, ट्राम आहे ती! भुतं भिंतीतून आरपार जातात ना? मग ट्रामनं कशाला हिंडतील?"

कमलाकांत हसायच्या बेतात होता, पण तेवढ्यात बाहेरून ट्रामची घंटा ऐकू आली. ठण ठण, ठण ठण.

"थांबा!" तो म्हणाला. "घंटेचा आवाज कुठं चाललाय? कान द्या."

सगळ्यांनी कान दिला. आवाज हिंदमाताकडे जात नव्हता. तो उलट, लालबागच्या बाजूला लांब लांब जात होता!

"चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे," कमलाकांत म्हणाला. त्यानं मागे वळून पाहिलं. रस्त्याकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली होती. एका फळीतली लाकडाची गाठ निखळून गेली होती. तिथे वाटाण्याएवढं भोक होतं आणि ते ताऱ्यासारखं चमकत होतं. तो चाचपडत गेला आणि त्यानं भोकावर अंगठा ठेवला.

भिंत काळी झाली. सगळी भुतं एका क्षणात नाहीशी!

अंगठा काढला. भुतं परत.

"बेबी," कमलाकांत म्हणाला, "बाहेर जा आणि रस्त्यापलीकडे उभी राहून उड्या मार."

"मी? एकटी? मीच का?"

"कारण तुझा फ्रॉक पिवळाधमक आहे."

"मला बर्फाचा गोळा हवा. लाल."

"देतो! जा!"

थोड्याच वेळात भिंतीवर एक पिवळं भूत अवतरलं. डोकं खाली, पाय वर. ते वरच्यावर उड्या मारत होतं आणि प्रत्येक उडीला खाली येत होतं! मग ते पाठ करून उभं राहिलं, गोळेवाल्याच्या गाडीपाशी गेलं आणि लालबुंद काहीतरी चोखू लागलं.

रामदास पोट धरून हसला. "बघा, भूत गोळा खातंय! आणि पैसे न देता!"

पण बकुळा हसली नाही. ती अजून भिंतीपाशीच उभी होती.

"म्हणजे नुसता रस्ताच," ती म्हणाली. "बाबा नव्हतेच."

रामदासचं हसू विझलं. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

तिनं डोळे पुसले. "पण मग आज्या प्यायलेला नव्हता. त्यानं पाहिलं ते खरंच पाहिलं."

"सगळं खरं!" कमलाकांत म्हणाला. "खरी गाडी, खऱ्या पेट्या, खरी हिरवी छत्री. फक्त दिशा उलटी! गाडी हिंदमाताला गेलीच नाही. लालबागला गेली!"

अप्पामामा पलीकडच्या शेडमध्ये शिडीवर चढून डोंगर रंगवत होते. मुलांनी त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. भिंतीवरचा रस्ता त्यांनी डोळे बारीक करून पाहिला. मग त्यांनी कपाळावर हात मारला, आणि कपाळावर निळा रंग लागला.

"अरे, हा तर माझाच प्रताप! नव्या आभाळासाठी हा पडदा पांढरा करून मी रविवारी इथं टेकवून ठेवला. आधी इथं नुसतं काळं गोणपाट होतं. काळ्यावर काय दिसणार?" ते खाली बसले आणि बोटानं हवेत रेघा काढू लागले. "प्रकाश नेहमी सरळ जातो. रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून निघालेला प्रकाश भोकातून तिरका खाली येतो. पायांकडचा तिरका वर जातो. म्हणून माणूस उलटा. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. आपला कॅमेरा तरी दुसरं काय करतो? ही अख्खी वखारच एक कॅमेरा झालीय, आणि आपण तिच्या पोटात बसलोय!"

"मामा, गाडी लालबागला गेली. आम्ही जाऊ?"

"जा. मी शेठजींना गाठतो. पण चौघं एकत्र राहा. आणि कमलाकांत, बेबीचा हात सोडायचा नाही."

*

लालबागला मिरच्या कांडणाऱ्या बायकांची रांगच होती. शिंका देत देत चौघं एकेकीला विचारत गेली.

"हिरवी छत्री? हातगाडी?" एका गाळ्यातल्या कालिंदीबाईंनी हातातली सुपली खाली ठेवली. "मेल्याची छत्री माझ्या मिरचीच्या पोत्यात अडाकली ना मंगळवारी! पोता फाटला. मागसून मोर्चा येय होतो, नायतर चांगलो झाडलो असतो."

"कोण होता तो?"

"बुधाजी. जुनी फिल्म नेता तो. रे रोडला, लाकडांच्या वखारींच्या मागे. पण तुमका कशाक व्हयो तो?"

उत्तर द्यायला कोणी थांबलंच नाही.

रे रोडला पोचेपर्यंत बेबीच्या चपलेचा अंगठा तुटला होता. लाकडांच्या ढिगांमधून वाट काढत चौघं वळली आणि थबकली. समोरच्या अंगणात दोऱ्याच दोऱ्या बांधल्या होत्या. त्यांच्यावर काचेसारख्या आरपार पट्ट्या वाळत होत्या. शेकडो. वाऱ्यानं त्या एकमेकींवर घासत होत्या आणि कोणी कुजबुजावं तसा आवाज येत होता.

"हे काय आहे?" बेबीनं विचारलं.

"जुने सिनेमे," रामदास म्हणाला. "धुतलेले. त्यांच्यातली माणसं गेली सगळी."

अंगणाच्या टोकाला चुलाण पेटलं होतं. त्यावर पिंप, पिंपात वाफाळतं सोड्याचं पाणी. शेजारी हिरव्या छत्रीची हातगाडी आणि दोन लाकडी पेट्या. एका पेटीचं झाकण उघडं होतं. उघड्या अंगाचा एक माणूस फिल्मचं भेंडोळं हातात घेऊन पिंपावर वाकला होता.

"थांबा!" बकुळा अशी ओरडली की पलीकडच्या वखारीतली करवत बंद पडली.

"काय गं? पाय भाजला का?" बुधाजी दचकून म्हणाला.

"ती फिल्म टाकू नका! ती स्टुडिओची आहे!"

"होती. आता माझी आहे. अगं, तुमच्या मॅनेजरनंच दिली. आठ दिवसांपूर्वी म्हणाला, जिन्याखाली रद्दी फिल्म आहे, कधीही येऊन ने. मंगळवारी गेलो. साहेब फोनवर. मी विचारलं, जिन्याखालच्या पेट्या नेऊ का? त्यानं मान वर न करता हात हलवला. ने, ने! मी बाजूच्या दारानं नेल्या. ही धुतली की वरची चांदी सुटते. उरलेल्या पट्ट्यांच्या टिकल्या होतात, बांगड्या होतात. सोडा संपला होता, म्हणून तीन दिवस थांबलो. आता पाणी तापलंय. व्हा बाजूला."

"पण ही रद्दी नाही! नवीन आहे!"

"जुन्या, गंजक्या डब्यात नवीन फिल्म कोण ठेवतं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. पेटीतले पत्र्याचे डबे खरंच गंजलेले होते. नव्या डब्यांचा तुटवडा म्हणून स्टुडिओत जुनेच डबे पुन्हा वापरत, हे त्यांना कुठून माहीत असणार?

बकुळा पुढे झाली. "काका, एकदा उन्हात धरून बघू द्या. फक्त एकदा. रद्दी असली तर मीच पिंपात टाकते."

बुधाजीनं डोकं खाजवलं. "कडेनं धर. बोटं लावू नकोस."

बकुळानं पट्टी उन्हासमोर धरली. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. त्यांच्यातली माणसं काळ्या तोंडाची होती, केस पांढरेशुभ्र, आणि त्यांच्यामागे एक राजवाडा काळ्या ज्वाळांनी जळत होता.

"ही तर खरीच भुतं!" बेबी म्हणाली.

"निगेटिव्ह आहे," कमलाकांत म्हणाला. "काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. बकुळे, सुरुवात शोध. चित्रीकरणाच्या आधी कॅमेऱ्यासमोर पाटी धरतात. तिच्यावर तारीख असते!"

बकुळानं कडेकडेनं पट्टी सरकवली. पिंपातलं पाणी खदखदत होतं. एक डोळा मिटून ती बघत राहिली. मग थांबली.

"पाटी… अंक बारीक आहेत… अठ्ठावीस. एप्रिल. साल यंदाचंच. काका, हे गेल्या महिन्यातलं आहे!"

बुधाजीनं पट्टी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, लांब नेली. त्यानं चुलाणातलं लाकूड बाहेर ओढलं आणि त्याच्यावर पाणी ओतलं.

"आयला," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ गेला असता, तर तुमच्या राजवाड्याच्या टिकल्या झाल्या असत्या! चला, पेट्या गाडीवर चढवा. बसा तुम्हीपण."

*

हिरव्या छत्रीची हातगाडी फाटकातून आत आली, तेव्हा शेठजी, शामराव आणि अप्पामामा अंगणातच उभे होते. कोंडीराम बाजूला, हातात ट्रंक घेऊन.

शेठजींनी पेट्या उघडून फिल्म पाहिली. मग बुधाजीचं सगळं ऐकून घेतलं. मग ते शामरावांकडे वळले.

"जिन्याखाली या पेट्या कोणी ठेवल्या?"

शामरावांनी घाम पुसला. "मीच… म्हणजे दगडफेक झाली तर काचा लागतील म्हणून… जिन्याखाली बरं, असं…"

"आणि जिन्याखालची रद्दी न्यायला कोणी सांगितलं?"

"तेही मीच. पण त्या दिवशी फोन चालू होता, शेठ. एक हात हलवला एवढंच."

"एक हात हलवलात आणि या माणसाला तीन दिवस चोर ठरवलंत! मीही तुमच्या बोलण्यावर गेलो." शेठजी कोंडीरामपाशी गेले. त्यांनी त्याच्या हातातली ट्रंक स्वतः घेतली आणि खोलीत नेऊन ठेवली. बाहेर येऊन ते म्हणाले, "कोंडीराम, चूक माझी. तुम्ही पाहिलं ते खरं होतं. आम्हाला बघता आलं नाही."

शामराव पुटपुटले, "माफ करा हो, कोंडीराम." इतकी वर्षं ते त्याला अरेतुरे करत आले होते.

"आणि तुम्ही पोरं!" शेठजी मुलांकडे वळले. "आमच्याकडे इतके कॅमेरे आणि इतके शहाणे लोक. पण वखारीत जाऊन बसायचं एकालाही सुचलं नाही!"

"त्यांना भुताची भीती वाटली असेल," रामदास गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. अप्पामामा मोठ्यानं हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शर्टावर निळा पंजा उमटला.

बेबी म्हणाली, "मला दादानं गोळ्याचे पैसे अजून दिले नाहीत. गोळेवाला वाट बघतोय!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बकुळा आज्याला घेऊन काळ्या वखारीत गेली. तिघं मित्रही मागून आले. अप्पामामांनी पडदा तसाच ठेवला होता.

भिंत उजळली. उलटा रस्ता चालू झाला.

कोंडीराम लाकडी घोड्याला टेकून बसला. बकुळानं त्याला सगळं समजावून सांगितलं. प्रकाश, भोक, डावं-उजवं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ती मेलेली माणसं न्हवती."

"नाही, आज्या. जिवंत होती. सगळी."

"आन् तो खांदा पाडून चालणारा?"

बकुळानं त्याचा हात धरला. "तोही कोणीतरी जिवंतच होता. गाठी उचलणारा."

म्हातारा उठून पडद्यापाशी गेला. मग तो म्हणाला, "एवढी माणसं. माझ्या बाबूसाठी चालत व्हती, जिवंत माणसं. तोंडातून शब्द न काढता." त्यानं डगल्याच्या बाहीनं मिशा पुसल्या. "मग हे बरंच झालं की, पोरी. हे त्याहून बरं."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. साडेतीन. पहिली पाळी सुटली. भिंतीवर माणसांचा पूर लोटला. सदरे, लुगडी, डबे, सगळं उलटं, सगळं घाईत. आज कोणालाच भीती वाटत नव्हती.

एकाएकी बकुळा उठली.

हिंदमाताच्या बाजूनं एक उलटी बाई आली होती. जांभळं लुगडं, हातात पितळी डबा. घामेजलेला चेहरा पदरानं पुसत ती भिंतीवरून लालबागकडे सरकत होती. म्हणजे खऱ्या रस्त्यावर ती लालबागकडून येत होती, फाटकाच्या दिशेनं.

"आई!" बकुळा म्हणाली.

तिनं या वेळी भिंतीकडे हात केला नाही. तिनं वखारीचं दार ढकललं आणि उन्हात धावत सुटली. आतल्यांना दिसलं ते एवढंच. भिंतीवर एक उलटी मुलगी धावत आली आणि तिनं त्या उलट्या बाईला कमरेपाशी घट्ट मिठी मारली. पितळी डबा उन्हात चमकला.